सात पाकळ्यांची तटस्थता

एल्व्हडाल, मिनेसोटा
२३ सप्टेंबर १९४०

प्रिय राग्ना,

"हा मास्तर आपल्या हाल्व्होरला घरी ठेवील." आठवतं? सोळा सालची निवडणूक. बाबा मत देऊन आले, बूट न काढताच स्वयंपाकघरात शिरले आणि कॉफीची बशी तोंडाला लावायच्या आधी हे बोलले. आई ओरडली ती बुटांवरून. वाक्याकडे तिचं लक्षच नव्हतं. माझं होतं. पाच महिन्यांत मास्तर विल्सननी युद्ध पुकारलं. पुढच्या वर्षी हिवाळ्यात फ्रान्सहून हाल्व्होरच्या सामानाची पेटी आली. हाल्व्होर आला नाही.

हे आज उकरून काढायचं कारण आमचं महिला अभ्यास मंडळ. तुला माहीत आहे, आमच्यात निबंधाचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटतात. गेल्या वर्षी मला 'जपानी पुष्परचना' आली होती आणि एल्व्हडालमध्ये त्या दिवशी फुलं म्हणून फक्त बर्फ होता. यंदा काय आलं असेल? 'विल्सन आणि रूझवेल्ट : शस्त्रे आणि तटस्थता, एक तुलना.' आणि पेत्रा रूडला? 'घरगुती मधमाशीपालन.' चिठ्ठ्यांच्या घड्या पेत्रानेच घातल्या होत्या. मी काही म्हणत नाही.

वाचायचा दिवस अकरा नोव्हेंबर, म्हणजे गेलं युद्ध थांबलं तो दिवस. तू शिकागोच्या वाचनालयात दिवसभर पुस्तकांत बसतेस, तर मला मदत कर. पुस्तकं पाठवू नकोस, ती मी वाचणार नाही. मला समजेल असं लिहून पाठव.

इकडची मोठी बातमी म्हणजे पूर्वेच्या चर्चचा हंडा तडकला. देव माणसाला आधीच निवडून ठेवतो की त्याची श्रद्धा बघून निवडतो, यावरून आजोबांच्या काळात फुटलेली आपली दोन चर्चं अजून रस्त्याच्या दोन बाजूंना एकमेकांकडे बघत उभी आहेत. वरच्या मंडळींनी सतरा सालीच समेट केला म्हणतात. आमच्या रस्त्यापर्यंत ती बातमी पोचलेली नाही. तर लुटफिस्क मासळीचं जेवण दोघांचंही तोंडावर आलंय, आणि तीनशे माणसांची मासळी शिजेल असा तांब्याचा हंडा आता गावात एकच, आमच्या पश्चिमेच्या चर्चचा, आणि तो सांभाळतं आमचं मंडळ. पेत्रा पूर्वेच्या वतीने मागायला आली. मी मंडळाची अध्यक्ष म्हणून सांगितलं, "आम्ही तटस्थ आहोत. हंडा कुणालाच नाही." टोर्गेर माझा नवरा असून म्हणाला, "अगं, हंडा आपलाच आहे, मग तटस्थ कसले?" मी त्याला जेवायला वाढलं.

आणखी एक. आयविंडला ऑगस्टमध्ये एकवीस पूर्ण झाली. सोळा ऑक्टोबरला त्याला सैन्यभरतीच्या नोंदणीला जावं लागणार. एप्रिलमध्ये जर्मन नॉर्वेत घुसले तेव्हापासून पोरगा रेडिओला चिकटलाय आणि माझ्याशी गाईंपलीकडे काही बोलत नाही. तुझं ऐकतो तो. त्याला लिही की शेतकी शाळेचं शेवटचं वर्ष पुरं कर. मी एक भाऊ दिलाय, राग्ना. त्याच दुकानात दुसऱ्यांदा जायची माझी इच्छा नाही.

तुझी,
बोर्गहिल्ड

*

शिकागो
३० सप्टेंबर १९४०

प्रिय बोर्गहिल्ड,

तुझा निबंध घे.

विल्सन आधी म्हणाला, नुसतं कृतीत नाही, विचारातसुद्धा तटस्थ राहा. (पेत्राचा विचार करताना हे करून बघ.) पण दुकान उघडं ठेवलं. शस्त्रं ज्याला हवीत त्याने घ्यावीत. आता समुद्रावर पहारा इंग्रजांचा, म्हणजे गिऱ्हाईक एकाच बाजूचं येणार. पुढे त्या गिऱ्हाइकाला आपल्या पेढ्यांनी उधार दिलं. मग जर्मन पाणबुड्यांनी आपली जहाजं बुडवायला घेतली आणि मास्तर वर्गातून बाहेर आले. स्वतःची फौज मात्र त्याने उशिरा, जरा अनिच्छेनेच वाढवायला घेतली होती.

रूझवेल्ट आला तेव्हा काँग्रेसला हे सगळं पाठ होतं. त्यांनी कायदाच केला की लढणाऱ्या कुणालाही शस्त्र विकायचं नाही. मारणाऱ्याला नाही आणि मार खाणाऱ्यालाही नाही. रूझवेल्टने सही केली, पण मनापासून नाही. गेल्या वर्षी त्याने कायदा बदलून घेतला : रोख द्या आणि स्वतःच्या जहाजात घालून न्या. आणि याच महिन्यात पन्नास जुन्या युद्धनौका इंग्रजांना देऊन बदल्यात नाविक तळ घेतले.

थोडक्यात, विल्सनला खरोखर बाहेर राहायचं होतं आणि तो आत ओढला गेला. रूझवेल्ट 'मी बाहेरच आहे' म्हणत एकेक पायरी उतरतोय. त्याचे विरोधक हे शिवी म्हणून सांगतात. मी कौतुक म्हणून सांगते. नॉर्वेसुद्धा तटस्थ होता ना? अगदी नियमाने तटस्थ. नऊ एप्रिलच्या सकाळपर्यंत.

हंडा देऊन टाक. मासळीला पूर्व-पश्चिम कळत नाही.

आयविंडला मी पत्र लिहिते. काय लिहायचं ते माझ्यावर सोड.

राग्ना

*

एल्व्हडाल
१३ ऑक्टोबर

प्रिय राग्ना,

तुझं पत्र मी मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवलं, 'कौतुक' वगळून. बायकांना रूझवेल्टची 'रोख द्या आणि घेऊन जा' ही कल्पना इतकी आवडली की ठराव एकमताने पास झाला : पूर्वेच्या चर्चला हंडा मिळेल. भाडं आधी. गाडी तुमची. रस्त्यात पडला तर जबाबदारी तुमची. अकरा नोव्हेंबरच्या आत परत, आतून घासून.

पेत्राने भाडं तिथल्या तिथे टेबलावर ठेवलं. मग नवऱ्याची डुकरांची गाडी घेऊन आली. मी म्हटलं, "पेत्रा, या गाडीत?"

"आमचं जहाज आहे, बोर्गहिल्डबाई," ती म्हणाली. "तुमच्या अटीत जहाज कसलं हवं ते लिहिलेलं नव्हतं."

रस्ता ओलांडायचा, राग्ना! चाळीस पावलं! पण अट म्हणजे अट. डुकरांच्या गाडीत बसून हंडा चाळीस पावलं गेला आणि मी दारात उभी राहून पाहिलं. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

चर्चच्या बाजारासाठी तू पाठवलेले हातमोजे मिळाले. बये, अजूनही सात पाकळ्या! आईने दहा वेळा उसवायला लावलं, पण तुझ्या फुलाला आठवी पाकळी काही फुटली नाही. या राज्यात असं फूल विणणारी तू एकटीच. कुणी घेतले नाहीत. शेवटी टोर्गेरने घेतले, म्हणाला, "मला मोजता येत नाही."

आयविंडला तुझं पत्र आलं. वाचून कोठारात गेला आणि बराच वेळ शीळ घालत होता. काय लिहिलंस ते सांगत नाही, पण चेहरा खुलला. तू शाळेचं पटवलंस ना? मला माहीत होतं.

बोर्गहिल्ड

*

शिकागो
२० ऑक्टोबर

प्रिय बोर्गहिल्ड,

इथे हवा छान आहे. सरोवरावरून वारा येतो, पण फार नाही. काल जरा जास्त होता. आज कमी आहे.

निबंधात तळांचा मुद्दा नीट मांड. लोक तो विसरतात.

आयविंडच्या बाबतीत म्हणशील तर तुम्हा मायलेकांच्या मध्ये मी पडणार नाही. मी तटस्थ आहे.

त्याचे हात अजून बाबांसारखेच मोठे आहेत ना? सहज विचारलं.

राग्ना

*

एल्व्हडाल
३ नोव्हेंबर

प्रिय राग्ना,

हवेबद्दल एवढं लिहिलंस, बरी आहेस ना?

हो, हात बाबांसारखेच. नांगराचे हात. त्यांना दुसरं काही शोभणार नाही.

मी आज आनंदात आहे. गेल्या मंगळवारी वॉशिंग्टनला काचेच्या मोठ्या भांड्यातून भरतीच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या काढल्या ना, त्यात आयविंडचा क्रमांक इतका मागे आलाय की टोर्गेर म्हणतो, त्याला बोलावतील तेव्हा त्याला टक्कल पडलेलं असेल. (त्या चिठ्ठ्यांच्या घड्या पेत्राने घातल्या नव्हत्या हे देवाचे उपकार.) मी बदामाचा केक केला, सहा अंड्यांचा. आयविंडने एक तुकडा खाल्ला आणि म्हणाला, "छान झालाय, आई." कुणाच्या मर्तिकाला म्हणतात तसं.

बुधवारी रेडिओवर रूझवेल्ट बोलला. आईबापांना उद्देशून म्हणाला, मी हे आधी सांगितलंय आणि पुन्हा पुन्हा पुन्हा सांगीन, तुमच्या मुलांना परक्या युद्धांत पाठवणार नाही. मी ताटं पुसत होते. राग्ना, त्या क्षणी स्वयंपाकघरात बाबा आले, बुटांसकट. मी जमिनीकडे बघितलं, चिखल आहे का म्हणून.

आवाज किती चांगला आहे त्याचा! विल्सनचा आवाज आपण कधी ऐकला नव्हता. तो नुसता कागदावर होता, त्याच्यावर रागावणं सोपं गेलं. हा माणूस माझ्या ताटांच्या फळीवरून बोलतो. मंगळवारी मत द्यायचंय आणि मला कळत नाही. दुसऱ्या उमेदवारालाही विचारावं तर तोही तेच सांगतो.

निबंध तयार आहे, चौदा पानं. पान नऊवर तटस्थ असल्याचं सांगून चोरून एकाच बाजूला माल पुरवणाऱ्यांना मी चांगलं झोडलंय. तुला आवडेल.

बोर्गहिल्ड

*

एल्व्हडाल
१४ नोव्हेंबर

राग्ना,

'प्रिय' मुद्दाम लिहिलं नाही.

सोमवारच्या वादळाचं तूही वर्तमानपत्रात वाचलं असशील. सकाळी एवढी ऊब होती की मी पातळ कोट घालून निघाले. अकराला पाऊस, बाराला बर्फ, आणि मग असा वारा की चर्चच्या तळघराच्या खिडक्या पांढऱ्या झाल्या. नदीकाठी बदकं मारायला गेलेली कितीतरी माणसं परत आलीच नाहीत. आम्ही एकवीस बायका तळघरात अडकलो. शेगडी होती, कॉफी होती. बाहेर जायचा मार्ग नव्हता. निबंध ऐकायला इतका हक्काचा श्रोता मला जन्मात मिळणार नाही.

मी वाचायला उभी राहिले. विल्सन झाला. उधारी झाली, पाणबुड्या झाल्या. पेत्रा पहिल्या रांगेत विणत बसली होती आणि मला मनातून वाटत होतं, ऐक, ऐक. पान आठवर दार धाडकन उघडलं आणि आत आमचा हंडा आला. उलटा. चार पाय असलेला. खालून टोर्गेर आणि आयविंड निघाले. "अकरा तारखेच्या आत म्हणजे आज संध्याकाळपर्यंत," टोर्गेर म्हणाला. "पेत्राबाईंनी कालच घासून ठेवला होता. म्हटलं, डोक्यावर घेतला तर वाराही लागायचा नाही." चाळीस पावलांना त्यांना वीस मिनिटं लागली होती. दोर धरून आले होते.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या निबंधाला नाही, हंड्याला. आयविंडने हातमोजे काढून शेगडीच्या दांडीवर, माझ्या अगदी समोर, वाळत टाकले. मी पान नऊ काढलं आणि वाचू लागले, "सर्वांत घातक तटस्थ तो, जो तोंडाने कुणाच्याच बाजूचा नसतो आणि पाठीमागून," आणि माझी नजर दांडीवर गेली.

नवे हातमोजे. दुपदरी, कोपरापर्यंत लांब, आतून मेंढीचं कातडं. पाठीवर फूल. मी मोजलं. परत मोजलं. सात.

मी एल्व्हडालमध्ये राहते, मला थंडी कळते. कोपरापर्यंतचे, आतून कातड्याचे हातमोजे गाय दोहायला लागत नाहीत.

"बोर्गहिल्डबाई, पाठीमागून काय?" पेत्राने विचारलं.

मी म्हटलं, "आयविंड, हे कुणी दिले?"

एकवीस बायका, राग्ना. माझा मुलगा एकवीस बायकांसमोर म्हणाला, "राग्नामावशीने. आई, मी टोरांटोला जाणार आहे. नॉर्वेच्या वैमानिकांची छावणी उघडलीय तिथे. मी हे तुला आजच सांगणार होतो."

"आज? कधी?"

"निबंध झाल्यावर."

पुढची पाच पानं मी वाचली नाहीत. पेत्रा उठली, मला वाटलं टोमणा मारणार. तिने माझ्या हातात कॉफी दिली आणि साखरेचा खडा. आणि म्हणाली, "माझा थोरलाही नाव देऊन आलाय. मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं." मग आम्ही दोघी हंड्याला टेकून बसलो. त्याला अजून मासळीचा वास येत होता. घासला बिसला काही नव्हता तिने.

ते सोड. तू मला सांग. तटस्थ होतीस ना?

बोर्गहिल्ड

*

शिकागो
१८ नोव्हेंबर

प्रिय बोर्गहिल्ड,

नव्हते.

त्याने जूनमध्येच मला लिहिलं होतं. त्याचं ठरलेलं होतं, मी काही सुचवलं नाही. तुझं शाळेबद्दलचं म्हणणं मी त्याला कळवलं, एका ओळीत. बाकीची तीन पानं थंडीबद्दल होती. दुसऱ्या देशाच्या सैन्यात जाणं आपल्या कायद्यात बसतं का, हे मला वाचनालयात पाच मिनिटांत सापडलं असतं. मी ते कपाट मुद्दाम उघडलं नाही.

आता तुला एक सांगते, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. हाल्व्होर जायच्या आदल्या आठवड्यात माझ्याकडे आला होता. म्हणाला, "राग्ना, लोकरीचे दोन जोड मोजे विणून दे. आईला सांगता येत नाही, ती रडते." मी अठरा वर्षांची होते. तो जातोय म्हणून बाबा त्याच्याशी बोलत नव्हते. मी म्हटलं, "मी तुमच्या भांडणात नाही." मला वाटलं मी फार शहाण्यासारखं बोलले. मोजे नाहीत म्हणून कुणी युद्धावर जायचं थांबत नाही, बोर्गहिल्ड. तो जातोच. पाय गारठतात एवढंच. त्याच्या शेवटच्या पत्रात पायांबद्दल लिहिलेलं होतं, ते तुम्ही सगळ्यांनी वाचलं आणि पुढे गेलात. मला पुढे जाता आलं नाही.

म्हणून हातमोजे. थांबवू तर आपण दोघीही शकत नाही.

विल्सनलाही हे सगळं माहीत होतं, असं मला हल्ली वाटतं. आणि रूझवेल्टलाही. पण ते निबंधात घालू नकोस.

आयविंड शुक्रवारी, एकोणतीस तारखेला सकाळी इथे उतरतो. गाडी बदलायला पाच तास आहेत. मी त्याला जेवू घालणार आहे. तुझ्यासाठी काही निरोप?

राग्ना

*

एल्व्हडाल
२४ नोव्हेंबर

प्रिय राग्ना,

'प्रिय' परत लिहिलं. लगेच उड्या मारू नकोस.

मोज्यांचं तू सांगायला हवं होतंस. बावीस वर्षं मी समजत होते की मला एकटीलाच ते पायांचं वाक्य पाठ आहे.

मी कुणाला मत दिलं ते सांगणार नाही. पेत्रालासुद्धा सांगितलं नाही, आणि पेत्रा हल्ली रोज येते. हंडा आता दोन्ही चर्चचा आहे. भाडं नाही, अट नाही, काम झालं की परत. टोर्गेर म्हणतो, हे आधीच केलं असतं तर डुकरांच्या गाडीचा खर्च वाचला असता. माझा निबंध अपुराच राहिला. मंडळाच्या वहीत नोंद आहे : 'वादळामुळे खंड.'

आयविंडशी मी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी गोठ्यात तो म्हणाला, "आई, तू काही बोलली नाहीस तरी मी जाणार. पण बोललीस तर बरं वाटेल." मी म्हटलं, "डाव्या हाताने धार नीट काढ, गाय लाथ मारेल." हे आमचं बोलणं. त्याला समजलं असावं, कारण तो हसला.

आता निरोप.

सोबतच्या पुडक्यात लोकरीचा एक हातमोजा आहे, डाव्या हाताचा. रात्रंदिवस बसून विणलाय. तिपदरी, आतून सशाचं कातडं, आणि आठ पाकळ्या, मोजून घे. तुझ्या त्या सात पाकळीवाल्यांपेक्षा दुप्पट ऊब आहे, हे कुणीही सांगेल. उजव्या हाताचाही तयार आहे. तो मी पाठवलेला नाही. इथे माझ्या ताटांच्या फळीवर, रेडिओशेजारी ठेवलाय.

तर तू असं कर. त्याला पोटभर जेवू घाल. कोकराचं मटण कर, कोबी घालून, त्याला आवडतं. तो जेवत असताना तुझे ते सात पाकळ्यांचे दोन्ही हातमोजे काढून घे आणि कुलूप लाव. मग माझा हा एक त्याला दे, आणि सांग की दुसरा आईकडे आहे. टपालाने मिळणार नाही, मावशीमार्फत मिळणार नाही. राष्ट्राध्यक्षांनी घालून दिलेलीच अट आहे. रोख माफ. फक्त स्वतः यायचं आणि घेऊन जायचं.

एका उघड्या हाताने विमान कोण चालवणार? परत येईल.

तू हे करणार नाहीस, मला माहीत आहे. तू त्याला तिन्ही हातमोजे देशील, वर मफलर देशील आणि फलाटावर उभी राहून हात हलवशील. तरी विचारते. काढून घेशील का, राग्ना?

तुझी,
बोर्गहिल्ड